गावकीपुढचा नारळ

भिंतीला टेकवलेली दशावताराच्या पोशाखांची एक पत्र्याची ट्रंक, खिळ्यांना टांगलेले दोन मृदंग, ग्रामदेवतेचा एक फोटो, तीन सतरंज्या आणि एक लाकडी खुर्ची. खुर्ची कुंदासाठी शेजारून मागून आणलेली होती. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती. पिशवीत बेचाळीस पानांची एक एकांकिका आणि घाटकोपर स्टेशनबाहेर घेतलेला एक नारळ. मनातून घाबरली की कुंदा समोरच्या वस्तू मोजत बसायची. कॉलेजच्या प्रयोगशाळेत रोज काचसामान मोजून घ्यावं लागायचं, त्यातून लागलेली सवय. आता खोलीत मोजायला फक्त माणसं उरली होती आणि ती सगळी तिच्याकडे बघत होती.

भटवाडीच्या चढावरची ही खोली म्हणजे खांबरवाडी ग्रामस्थ मंडळाची मुंबईतली जागा. गावात देवळापुढे जी गावकी बसते, तीच मुंबईत या खोलीत बसायची. घरटी एक कर्ता पुरुष सतरंजीवर. बायका आणि पोरं बाहेर ओट्यावर. यातले निम्मे लोक तीन वर्षांपूर्वीपर्यंत गिरणीत होते. संप झाला, गिरण्या बंद पडल्या, आणि आता कोणी वॉचमन होतं, कोणी हातगाडीवर भाजी विकत होतं. गावकी मात्र चालू होती.

बाहेर दाराच्या चौकटीला धरून वनमाला उभी होती. वय बावीस, औषधांच्या कारखान्यात बाटल्यांवर लेबलं लावायची नोकरी, आणि कुंदाच्या मांडीवरची एकांकिका तिची. पुढच्या रविवारी मुलुंडला स्पर्धेत ती व्हायची होती. होणार की नाही, हे आज ही खोली ठरवणार होती.

"चहा घ्या बाई," भाऊराव म्हणाले. साठीचे, धोतर-शर्टातले, गावकीचे प्रमुख. "तुम्ही पाहुण्या. तुमच्यावर आमचा राग नाही."

"राग कुणावर आहे मग?" कुंदानं विचारलं.

"तोच तर विषय आहे." भाऊरावांनी सतरंजीवरच्या एका माणसाकडे पाहिलं. तो मान खाली घालून बसला होता. जयवंत पाताडे, वनमालाचा बाप. "जयवंता, तू सांगतंस की मी सांगू?"

जयवंतनं सतरंजीची सुटलेली दशी बोटाला गुंडाळली.

गोष्ट अशी होती. कुंदा करंदीकर मुलुंडच्या एका नाट्यसंस्थेत होती. एकदा तिनं संस्थेच्या स्पर्धेच्या सहा वर्षांच्या कार्यक्रमपत्रिका पुढ्यात घेतल्या आणि लेखकांची आडनावं मांडून पाहिली. आडनावं बदलत होती, पण ती सगळी कुठल्या घरांतली ते कळायला वेळ लागला नाही. तिच्याच नात्यातल्या म्हणाव्यात अशा घरांतली. टेकडीवरचं, चाळीतलं, झोपडपट्टीतलं एकही नाही. मग तिनं शनिवारी दुपारी एका शाळेच्या प्रयोगशाळेत नव्या लेखकांचा वर्ग सुरू केला. पाच जण आले. त्यांत एकच मुलगी होती, वनमाला.

वनमालाची एकांकिका वाळीत टाकलेल्या एका बाईबद्दल होती. पायवाटेच्या भांडणात गावकीनं तिच्याशी बोलणं बंद करवलं. कोणी तिला हाक मारायची नाही, तिच्या हाकेला ओ द्यायची नाही. पहिल्या खर्ड्यात ती बाई होती, गाव होतं, आणि एक भाऊ होता, ज्याला एकही वाक्य नव्हतं. कुंदानं लाल पेन्सिलीनं समासात लिहिलं होतं, 'भाऊ गप्प का?' पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्याही. चौथ्या शनिवारी वनमाला दुसरा प्रवेश लिहून घेऊन आली, वही टेबलावर ठेवली आणि वाचून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली. कुंदानं नावं तेवढी बदलायला लावली. बाकी एक शब्द बदलला नाही.

नावं बदलून काही उपयोग झाला नव्हता, कारण भावाचं काम सहदेवला दिलेलं होतं. सहदेव वनमालाच्याच गावचा, तिच्याच चाळीतला. सकाळी नळावर कळशी लावून तो खणखणीत आवाजात पाठांतर करायचा, आणि नव्या प्रवेशातही भावाला एकही वाक्य नसल्यामुळे समोरच्या बाईची वाक्यं म्हणायचा.

"सायदेवान नळार उभो रवान सगळा नाटक बोलून दाखवल्यान," मागून कोणीतरी म्हणालं. "फुकट खेळ. तिकीट नाय, काय नाय."

दोघं-तिघं हसले. भाऊराव हसले नाहीत.

"त्या नाटकातली बाई म्हणजे शेवंती," ते कुंदाला म्हणाले. "ह्या जयवंताची सख्खी बहीण. अकरा वर्षांपूर्वी गावकीनं तिला वाळीत टाकलं. ती गेली, आता नाही. गेलेल्या माणसाचं नाव काढून गावाची अब्रू मुलुंडच्या स्टेजवर मांडायची, चार पैसेवाल्या लोकांनी टाळ्या वाजवायच्या. बरोबर आहे हे?"

"त्यात शेवंती हे नाव नाही. खांबरवाडी हे नावही नाही."

"बाई," मंडळाचा सेक्रेटरी नंदकुमार म्हणाला. तो बँकेत कारकून होता आणि आज पॅन्टची घडी मोडू नये म्हणून पाय एका बाजूला घेऊन बसला होता. "नाव बदललं म्हणून माणूस बदलतो का? तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला आम्ही काय सांगायचं."

"मग तुमचं म्हणणं काय?"

"दुसरा प्रवेश काढा," भाऊराव म्हणाले. "भावाचा. बाकीचं नाटक करा, आमची ना नाही. आम्ही सगळे बघायला येऊ, पुढच्या रांगेत बसू. पण आमच्यातला भाऊ बहिणीशी कसा वागला, हे बाहेर नको."

कुंदानं मनातल्या मनात हिशेब केला. दुसरा प्रवेश काढला तर एकांकिका तीस मिनिटांवर येईल. स्पर्धेच्या नियमात बसेल. चालेल, उभी राहील. तिच्या मनात हे आलं, आणि 'चालेल' हा शब्द आल्यानं तिचं तिलाच कसंतरी झालं.

"आणि नाही काढला तर?"

बाहेरून वनमालाचा थोरला भाऊ बाळा आत डोकावला. "तर वैशाखात माझ्या लग्नाला अक्षता टाकायला गावचं कुत्रं येणार नाही, मॅडम. मांडव कोण घालणार, वाजंत्री कोण देणार? विचारा तुमच्या लेखिकेला."

"बाळा, गप," जयवंत म्हणाला. एवढा वेळ झाला, तेवढ्यातला त्याचा पहिला शब्द.

कुंदा उठली. "मला पाच मिनिटं वनमालाशी बोलू द्या."

ओट्याच्या टोकाला दोघी उभ्या राहिल्या. खाली उतारावर पत्र्यांची घरं, पलीकडे कारखान्याची चिमणी. बायका मुद्दाम चार पावलं लांब सरकल्या होत्या, ऐकू येईल इतपतच लांब.

"काढायचा का?" कुंदानं विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"माझं विचारू नकोस. लग्न तुझ्या भावाचं आहे."

"चार शनिवार तुम्ही विचारत होता, भाऊ गप्प का, भाऊ गप्प का. तेव्हा लग्न कुणाचं होतं?"

बाळा मागून आलाच होता. "वने, तुझं नाटक पाऊण तासाचं. माझं लग्न जन्माचं. डोकं ठिकाणावर ठेव ना जरा."

"तू आतेशी बोलला होतास का रे?"

"मी पंधरा वर्षांचा होतो."

"मी अकरा वर्षांची होते. मला आठवतं, तुला आठवत नाही?"

बाळानं तोंड फिरवलं. वनमाला कुंदाला म्हणाली, "दुसरा प्रवेश नसेल तर मला बाकीचं करायचं नाही. मग ते फक्त गावाबद्दल राहतं, आमच्याबद्दल नाही. सांगा त्यांना."

"सांगते. पण नीट सांगू दे. चिडून काही होणार नाही."

आत शिरताना कुंदाच्या मनात एकच होतं, की हवा जरा निवळायला हवी. तिच्या घरची रीत होती, परक्याच्या घरी पहिल्यांदा जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही. नाटकवाल्यांची रीत होती, कुठल्याही कामाची सुरुवात नारळानं करायची. तिनं पिशवीतून नारळ काढला, दोन पावलं पुढे गेली आणि भाऊरावांच्या समोर सतरंजीवर ठेवला. वाकून नमस्कारही केला.

"आपण सगळे एका विचारानं बोलू या," ती म्हणाली.

बाहेरच्या बायकांमधून कोणीतरी श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं. नंदकुमारनं पाय सरळ केले. भाऊराव नारळाकडे बघत राहिले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून कुंदाला कळलं, की आपण काहीतरी केलंय. त्यांना हायसं वाटलं होतं.

"बरं झालं," ते म्हणाले. "जयवंता, तुझ्या घराच्या वतीन नारळ इलो. गावकीन घेतलो. संपला."

"काय संपलं?" कुंदा म्हणाली.

नंदकुमारनं समजावून सांगितलं, अगदी सभ्यपणे. गावकीपुढे कोणी सहज नारळ ठेवत नाही. आमच्याकडून चूक झाली, गावानं पदरात घ्यावं, असं ज्याला म्हणायचं असतं तो नारळ ठेवतो. ठेवला की चूक कबूल. गावकीनं घेतला की माफी. म्हणजे आता नाटक होणार नाही, जयवंतवर काही दंड नाही, लग्न थाटात होईल. "फार चांगलं केलंत मॅडम. आम्हाला वाटलं होतं आज भांडण होणार."

"पण मला हे माहीत नव्हतं! मी सहज आणला होता. मी परत घेते." ती वाकली.

"हात लावू नका!" भाऊरावांचा आवाज चढला. मग त्यांनीच तो खाली आणला. "बाई, कोणी ठेवला ते गावकी बघत नाही. कुणासाठी ठेवला ते बघते. उचलायचा असेल तर ज्याच्या घरासाठी ठेवला त्या घराच्या कर्त्यानं उचलायचा. आणि उचललेला मी तरी साठ वर्षांत पाहिला नाही."

"उचलला तर काय होतं?"

"मग आम्ही त्याचं कोणी नाही आणि तो आमचा कोणी नाही."

वनमाला उंबऱ्यापर्यंत आली होती. बायकांनी आत यायचं नसतं म्हणून तिथंच थांबली होती. "मॅडम," ती म्हणाली, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं हो?"

कुंदा खुर्चीपाशी गेली पण बसली नाही. आतापर्यंत तिनं या मुलीला संवाद कसा तोडायचा, पात्र कधी आणायचं, पडदा कधी पाडायचा हे शिकवलं होतं. आणि एका नारळानं तिनं पडदा पाडून ठेवला होता.

"मी काही विचारू का?" जयवंत म्हणाला.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. त्यानं मान वर केली होती. गिरणीत पंचवीस वर्षं काढलेला माणूस. कापड विणायच्या साच्याच्या खडखडाटामुळे त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो बोलताना समोरच्याच्या ओठांकडे बघायचा.

"भाऊराव, नाटक तुम्ही आयकलंत?"

"नळावरचा आयकलंय. पुरे तेवढा."

"मी आयकूक नाय. माका नळावरचा आयको येना नाय. ज्या गोष्टीची माफी मागूची, ती काय असा ता तरी माका कळाक होया. चेडू वाचांदे. मगे बघू नारळाचा."

"नारळ घेतलो हा, जयवंता."

"घेतलो असात. तो काय पळान जाता?" कोणीतरी हसलं. "दुसरो प्रवेश वाच गो. मोठ्यान वाच. माझ्याकडे तोंड करून."

भाऊरावांनी नंदकुमारकडे पाहिलं, नंदकुमारनं खांदे उडवले. कुंदानं पिशवीतून पानं काढली, दुसरा प्रवेश शोधला आणि उंबऱ्यापाशी जाऊन वनमालाच्या हातात दिला. कुंदानं पानांची खालची कड धरून ठेवली.

वनमालानं वाचायला सुरुवात केली. मुंबईतली खोली. भाऊ पाटावर बसलेला. बहीण गावाहून आलेली, बोचकं घेऊन. भावानं तिच्याशी बोलायचं नाही, तिच्याकडे बघायचं नाही; शेजारीपाजारी सगळे गावचे, भिंती पातळ. भाऊ बोलला तर उद्या तोही वाळीत. म्हणून बहीण त्याच्याशी बोलत नाही. ती चुलीपाशी बसते आणि चुलीशी बोलते.

"चुली, तू तरी आयक," वनमाला वाचत होती. "माझ्या भावाक सांग, मी कोकमा हाडलंय, कुळीथ हाडलंय. त्येका आवडता म्हणान रात्री पिठी करतंय. त्येका सांग, माझ्याशी बोलू नको म्हणान सांगितल्यानी हा, जेवू नको म्हणान कोणी सांगूक नाय. चुली, त्येका विचार, त्येचा कान आता बरो असा मां? माका सांगू नको. तू आयक आणि तुझ्याकडेच ठेव."

बाहेर ओट्यावर एक म्हातारी खाली बसली.

वनमालानं पान उलटलं. बहीण पिठी करते, ताट वाढते, भावाच्या पुढ्यात ठेवते. भाऊ ताटाला हात लावत नाही. उठतो आणि बाहेर जातो. बहीण चुलीला म्हणते, "गेलो. जांवदे. तुका तरी ऊब असा." ती विस्तव विझवते, बोचकं उचलते. प्रवेश संपतो.

वनमाला थांबली. कुंदानं पानांची कड सोडली.

जयवंत बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिला, जणू अजून काही यायचं होतं.

"एक खोटा असा तुझ्या नाटकात," तो म्हणाला.

"काय बाबा?"

"मी जेवललंय." तेच तो पुन्हा म्हणाला, या वेळी शहरी मराठीत, कुंदाकडे बघून, जणू ही दुरुस्ती तिच्या लाल पेन्सिलीनं व्हायला हवी होती. "मी जेवलो होतो बाई. हिला ठाऊक नाही, ही झोपली होती. ती निघून गेली, त्यानंतर मी परत आलो, आणि ते ताट उभ्या उभ्या सगळं संपवलं. भांड्यात राहिलेलंपण खाल्लं. आणि सकाळी ह्या भाऊरावांनी विचारलं, बहीण आली होती का रे. मी म्हटलं, आली असेल, मी पाहिलं नाही."

"जयवंता," भाऊराव म्हणाले. "झाला ता झाला. बहिणीचा दुःख आमका कळता. पण झिलाचा लगीन वैशाखात असा. इचार कर."

"बाबा," बाळा दारातून म्हणाला. त्याचा मघाचा आवाज राहिला नव्हता. "बाबा, बघा हां."

जयवंत गुडघ्यावर हात टेकून उठला. पायाला मुंग्या आल्या असाव्यात, कारण तो क्षणभर शेजारच्याच्या खांद्याला धरून उभा राहिला. मग माणसांच्या मधून वाट काढत पुढे आला. कुंदाला वाटलं की त्याला थांबवावं. आपल्या चुकीची शिक्षा या माणसानं भोगू नये, यासाठी अजूनही काहीतरी बोलता येईल, प्रवेश काढता येईल, स्पर्धेतून नाव मागे घेता येईल. "जयवंतराव," ती म्हणाली, "आपण दुसरा काही मार्ग—"

"बाई, तुम्ही बसा," तो म्हणाला. रागानं म्हणाला नाही. "तुमचा काम झाला."

तो वाकला. नारळ उचलला. भाऊरावांकडे न बघता उंबऱ्याशी गेला आणि तो वनमालाच्या हातात दिला. तिच्या हातात पानं होती. तिनं दोन्ही एकत्र छातीशी धरलं.

"ताट सगळा संपवता म्हणान लिव," तो तिला म्हणाला. "सायदेवाक सांग, नीट खावन दाखव. गावात कुळथाची पिठी कशी खातत ता त्येका म्हायत असा."

बाळा चौकटीला टेकला होता. त्यानं बापाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि वाट देण्यासाठी बाजूला झाला. निघून मात्र गेला नाही.

खोलीत एकदम गलका झाला. कोणी म्हणालं, बाहेरच्या बाईनं घरात भांडण लावलं. कोणी म्हणालं, शेवंतीच्या वेळी पण असंच घाईत ठरवलं होतं. "तेव्हा तू होतंस ना, हात तूच पयलो वर केल्लंस!" "केल्लंय, मगे? तू काय खाली ठेवल्लंस?" सहदेव ओट्यावर एका कोपऱ्यात उभा होता आणि त्याचा बाप आतून त्याच्याकडे डोळे वटारून बघत होता.

भाऊरावांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण आवाज ठाम होता. गावकीत आजवर मतं मोजली गेली नव्हती. एकानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी हात वर करून एका आवाजात होय म्हणायचं, अशी रीत होती. शेवंतीच्या वेळी सगळ्यांनी हात वर केले होते, जयवंतनंसुद्धा. आज भाऊरावांनी 'होय?' म्हणून विचारलं, आणि उत्तर एका आवाजात आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा तसंच. काही तोंडं बंद राहिली.

"नंदकुमार," ते म्हणाले, "मोज."

"मोजू?"

"कानात बोळे आहेत का तुझ्या? जयवंताच्या घराशी आजपासून व्यवहार बंद, असं ज्यांचं म्हणणं असेल त्यांनी हात वर करा. निम्म्याहून जास्त झाले तर बंद. आणि वर केलेला खाली घेऊ नका, मोजून होईपर्यंत."

हात वर व्हायला लागले. काही झटकन, काही शेजारच्याचा बघून. सहदेवच्या बापाचा हात कोपरापर्यंत आला, बाहेरून त्याच्या बायकोनं नाव घेऊन खणखणीत हाक मारली, आणि तो हात मानेवर खाजवायला गेला. नंदकुमार उभा राहून बोटानं मोजू लागला. मोजताना एकदा चुकला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. कुंदाही मोजत होती. जयवंत, बाळा आणि वनमाला तिघं उंबऱ्याबाहेर उभे होते आणि आत बघत होते.

दोघांचं मोजून एकाच वेळी झालं. नंदकुमारनं आकडा भाऊरावांच्या कानात सांगितला, आणि भाऊरावांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला.

जयवंतचं सोडून घरं तीस. हात वर सतरा, हात खाली तेरा.